अंगठा देणारे गुरू

गेल्या अंकात अमेरिकन लोकगायक एकमेकांकडून कसे शिकले यावर लेख होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या सहांना इथे उत्तरं देत आहोत. गिटारच्या तारा सगळीकडे नेहमीच्या क्रमाने मोजल्या आहेत: पहिली सर्वांत बारीक, सहावी सर्वांत जाड. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्यांनी पाडलेलं घर, आणि कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे स्वर.

प्रश्न : लेखात बॉब डिलनला वुडी गथ्रीचा शिष्य म्हटलं आहे. पण दोघं भेटले तेव्हा गथ्री इस्पितळात होता ना? मग त्याने शिकवलं कधी? (सोलापूर)

शिकवलंच नाही. डिलन जानेवारी १९६१मध्ये न्यूयॉर्कला पोचला, तेव्हा गथ्री न्यू जर्सीतल्या ग्रेस्टोन पार्क मनोरुग्णालयात होता. हंटिंग्टन या आनुवंशिक आजाराने हातपाय ताब्यात राहिले नव्हते, बोलणं अडखळत होतं, गिटार तर केव्हाच सुटली होती. रविवारी ईस्ट ऑरेंजमधलं एक चाहतं जोडपं त्याला आपल्या घरी आणायचं. डिलन तिथे जायचा आणि गथ्रीचीच गाणी गथ्रीला म्हणून दाखवायचा. आपल्याकडच्या तालमीच्या अगदी उलट: शिष्य गातोय आणि गुरू नुसता ऐकतोय. (ग्रेस्टोनची जुनी मुख्य इमारत २०१५ साली पाडली. तेव्हा न्यू जर्सीतल्या वाचकांनी ती शोधत फिरू नये.)

मग डिलनच्या गळ्यात आणि हातात गथ्री आला कुठून? एक तर तबकड्यांमधून. आणि दुसरा जॅक एलियटकडून. या दुसऱ्या वाटेबद्दल फार कमी बोललं जातं. एलियट हा ब्रुकलिनच्या एका सर्जनचा मुलगा, खरं नाव एलियट ॲडनोपोझ. १९५१ साली, विशीच्या आसपास, तो गथ्रीच्या कोनी आयलंडच्या घरी आला आणि तिथेच राहिला. धडे असे काही नव्हतेच. गथ्री वाजवायचा तेव्हा हा शेजारी बसून वाजवायचा. बोलण्याची ढब, शब्दाच्या शेवटी आवाज खाली सोडायची लकब, अंगठ्याचा आघात, सगळं त्याने उचललं. जॅक माझ्यापेक्षा जास्त माझ्यासारखा वाटतो, असं खुद्द गथ्री गमतीने म्हणायचा असं सांगतात. डिलनने न्यूयॉर्कला येण्याआधीच एलियटच्या तबकड्या ऐकल्या होत्या. त्यामुळे सुरुवातीचा डिलन ऐकताना आपण पुष्कळदा गथ्री नव्हे, एलियटमधून गाळून आलेला गथ्री ऐकत असतो.

गथ्रीचा मुलगा आर्लो १९४७चा. वडील १९५६ साली ग्रेस्टोनमध्ये गेले तेव्हा तो नऊ वर्षांचाही नव्हता. वडिलांचं वाजवणं त्याच्याकडे आलं ते बरंचसं याच जॅककडून. घराण्याचा वारसा मुलाला शागिर्दाकडून घ्यावा लागला, असे किस्से आपल्या संगीतातही सापडतील. इथे त्याला कारण भांडण नव्हतं, आजार होता.

आणि गथ्रीने तरी अंगठा कोणाकडून घेतला? ए. पी., सारा आणि मेबेल कार्टर या तिघांच्या, म्हणजे कार्टर कुटुंबाच्या, तबकड्यांवरून. पुढचं पत्र नेमकं तेच विचारतं.

प्रश्न : मेबेल कार्टरची वादनपद्धत तीन महिने घोटतो आहे. अंगठ्याने चाल, बोटाने कॉर्ड, हे समजलं. पण चाल ऐकूच येत नाही, सगळा नुसता खळखळाट होतो. काय चुकतंय? (ठाणे)

चूक बहुतेक अंगठ्यात नाही, तर्जनीत आहे. नव्वद टक्के शिकाऊ लोक इथेच अडकतात, म्हणून सावकाश सांगतो.

आधी डावा हात. C कॉर्ड पकडा: अनामिका पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट चौथ्या तारेच्या दुसऱ्यावर, तर्जनी दुसऱ्या तारेच्या पहिल्यावर. C ला सा धरलं तर अनामिकेखाली सा आहे. चौथी तार मोकळी सोडली की रे, मधल्या बोटाखाली ग, त्याच तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर म. तिसरी तार मोकळी म्हणजे प, तिच्या दुसऱ्या फ्रेटवर ध. म्हणजे कॉर्ड न सोडता निम्मी चाल हाताखालीच आहे. मेबेलच्या सगळ्यांत गाजलेल्या, १९२८ साली मुद्रित झालेल्या ‘वाइल्डवुड फ्लॉवर’ची सुरुवात ग-म-प अशीच होते.

उजवा हात चार मात्रांचा. पहिलीवर अंगठा, दुसरीच्या दोन भागांत तर्जनी खाली आणि वर, तिसरीवर परत अंगठा, चौथीवर परत खाली-वर. खाली जाताना नखाची पाठ लागते, वर येताना बोटाचं टोक.

आता बिघाड कुठे होतो ते पाहा. बहुतेक जण तर्जनी सहाही तारांवरून ओढतात. मग अंगठ्याने चौथ्या तारेवर वाजवलेला स्वर पुढच्याच मात्रेला त्याच तारेवर पुसला जातो. तर्जनीने फक्त पहिल्या दोन तारा घासा, फार तर तिसरी. हालचाल बोटाच्या मुळातून हवी, मनगटातून नको. मनगट ऐकत नसेल तर करंगळी गिटारच्या पृष्ठभागावर हलकी टेकवा, आपोआप आवरेल.

दुसरी अडचण म वर येते. तिसरा फ्रेट गाठायला लोक मधलं बोट उचलतात किंवा अख्खी कॉर्ड सोडतात. मग मागचा नाद तुटतो आणि कान चालीवरून उडतो. म करंगळीने घ्या. पहिले चार दिवस करंगळी रुसेल, मग येते.

तिसरं म्हणजे थंबपिक, अंगठ्यात चढवायची नखी. त्याचं पातं फार लांब असेल तर ते तारेत अडकतं आणि उशिरा सुटतं. पिकचं टोक अंगठ्याच्या पुढे साधारण अर्धा सेंटिमीटर पुरे. जास्त असेल तर कानशीने घासा.

रियाज असा करा. आठवडाभर तर्जनीला सुट्टी. मेट्रोनोम ६० वर लावून फक्त अंगठ्याने चाल, म्हणता येईल इतकी स्पष्ट. मग ७०वर तर्जनी घाला, पण इतकी हळू की जवळजवळ ऐकू येऊ नये. फोन दोन मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा आणि घरातल्या कुणालातरी ऐकवा. चाल ओळखता आली नाही तर वेग वाढवू नका. पुढे जायचंच असेल तर रे वरून ग वर ‘हॅमर’ घ्या: मधलं बोट उचला, मोकळी चौथी तार वाजवा आणि तारेचा नाद असतानाच बोट खाली आपटा. मेबेलच्या वादनातला गोडवा निम्मा तिथे आहे.

तिचा गुरू कोण, हेही विचारलं आहे. अंगठ्याने चाल ही तिची स्वतःची सवय, ती कार्टरांच्या १९२७च्या पहिल्या मुद्रणातही (टेनेसीतल्या ब्रिस्टल गावी झालेल्या) ऐकू येते. पण बोटांचं पुढचं काम तिने लेस्ली रिडलकडून उचललं. हा नॉर्थ कॅरोलायनाचा कृष्णवर्णीय गायक, १९०५चा. सिमेंट कारखान्यातल्या अपघातात एक पाय गेलेला, बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची दोन बोटं गेलेली. उरलेल्या बोटांनी त्याने स्वतःची पद्धत बसवली. ए. पी. कार्टर गाणी गोळा करायला डोंगरात फिरायचा तेव्हा रिडल बरोबर असायचा. ए. पी. शब्द उतरवून घ्यायचा, चाल रिडल डोक्यात ठेवायचा आणि घरी आल्यावर मेबेल व साराला वाजवून दाखवायचा. तबकड्यांवर नाव कार्टरांचंच छापलं गेलं. रिडलला लोकगीतांचा संग्राहक आणि गायक माइक सीगर याने १९६५ साली शोधून काढलं तेव्हा त्याने गिटार कधीच बाजूला ठेवली होती.

प्रश्न : तिकडे प्रत्यक्ष शिकवणी लावायची पद्धत होती का? फी वगैरे? (कोल्हापूर)

होती, आणि सर्वांत नामी शिकवणी रेव्हरंड गॅरी डेव्हिसची. साउथ कॅरोलायनात १८९६ साली जन्म, लहानपणीच दृष्टी गेली. १९३०च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅममध्ये त्याने ब्लूज गायक ब्लाइंड बॉय फुलरला शिकवलं. पुढे न्यूयॉर्कला येऊन हार्लेमच्या रस्त्यांवर प्रवचन करत गाऊ लागला. फी पाच डॉलर. तास मात्र घड्याळाचा नसायचा. स्टीफन ग्रॉसमन पंधराव्या वर्षी त्याच्याकडे जायला लागला, तो सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचा. डेव्ह व्हॅन रॉन्क, रॉय बुक बाइंडर, डेव्हिड ब्रॉमबर्ग, अर्नी हॉकिन्स हे सगळे याच बैठकीतले.

डेव्हिस उजव्या हाताची दोनच बोटं वापरायचा, अंगठा आणि तर्जनी. दोन्हींवर पिक. आपल्याला वाटतं अंगठा खर्जात आणि बोट वर, इतकी साधी वाटणी असेल. पण त्याचा अंगठा दुसऱ्या-तिसऱ्या तारेपर्यंत चढायचा, तर्जनीबरोबर आळीपाळीने जलद स्वर काढायचा आणि पुढच्या मात्रेला खर्जात हजर व्हायचा. डावा अंगठाही बसून नसे. तो मानेवरून वळसा घालून सहावी तार दाबायचा. त्यामुळे F कॉर्डसाठी त्याला तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकावी लागत नसे आणि बोटं चालीसाठी मोकळी राहायची. लहान हाताच्या माणसाने हे जाड मानेच्या गिटारवर करून पाहू नये, मनगट दुखेल.

शिकणाऱ्यांची पंचाईत वेगळीच होती. गुरू अंध, त्यामुळे कागद नाही. तो वाजवणार, तुम्ही वाजवायचं, चुकलं की तो परत वाजवणार, पण परत वाजवताना तीच जागा बदलून! प्रत्येक कडव्याला नवीन विस्तार. ख्याल शिकलेल्याला यात नवल नाही, पण पुस्तकी शिकणारा वेडा व्हायचा. ग्रॉसमनने टेपरेकॉर्डर नेला, घरी जाऊन एकेक विस्तार तारांच्या आकड्यांत उतरवला आणि आधी सगळ्यांत समान असलेला सांगाडा वेगळा काढला: कॉर्ड कुठे बदलते, अंगठा कोणत्या तारेवर पडतो. विस्तार त्यावर नंतर चढवले. आजही हाच क्रम ठेवा.

तबकडीवरून शिकायचं तर तेव्हाची युक्ती अशी: ३३ फेऱ्यांची तबकडी १६ वर लावायची. वेग निम्मा होतो आणि स्वर बरोबर एक सप्तक खाली जातो, म्हणजे गिटार परत लावावी लागत नाही. ७८ची तबकडी ३३ वर लावली की हिशेब जमत नाही, स्वर भलत्याच ठिकाणी येतात. आता फोनवरच्या ॲपमध्ये स्वर न हलवता वेग कमी करता येतो. ६० टक्क्यांच्या खाली मात्र जाऊ नका, आघात फाटतात आणि अंगठा नेमका कधी पडला तेच कळत नाही.

प्रश्न : दुसऱ्याची चाल उचलून आपले शब्द बसवणं, याला तिकडे चोरी म्हणत नाहीत का? (मडगाव)

चालीपुरतं म्हणत नाहीत. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदावर ‘चाल : अमुक’ असं छापलेलं असायचं, तसाच तो व्यवहार. गथ्रीने फेब्रुवारी १९४०मध्ये लिहिलेलं त्याचं सर्वांत प्रसिद्ध गाणं, ‘धिस लँड इज युअर लँड’, कार्टर कुटुंबाच्या एका भजनाच्या चालीवर आहे. डिलनने गथ्रीवर लिहिलेलं गाणं गथ्रीच्याच चालीवर आहे. यावर कोणी भुवई उंचावली नाही.

तंटा होतो तो दोन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे अजून मालकाने तबकडी काढलेली नसताना त्याची मांडणी उचलणं. ‘हाउस ऑफ द रायझिंग सन’ जुनंच गाणं, पण A मायनरमध्ये खर्ज A, G, F शार्प, F असा पायरीपायरीने उतरवायचा, ही मांडणी व्हॅन रॉन्कची. डिलनने नोव्हेंबर १९६१मध्ये पहिल्या तबकडीसाठी ती वाजवून टाकली आणि परवानगी नंतर मागितली. कायद्याने यात काही करता येण्यासारखं नव्हतं. व्हॅन रॉन्कची मैत्री काही काळ आंबली. मग लोक त्यालाच म्हणू लागले की हे तू डिलनकडून घेतलंस, आणि वैतागून त्याने ते गाणं सोडलं. १९६४मध्ये ॲनिमल्स या इंग्लिश बँडची आवृत्ती गाजली. मग डिलनला ऐकावं लागलं की हे त्याने ॲनिमल्सकडून घेतलं, आणि त्यानेही सोडलं. व्हॅन रॉन्क हा किस्सा पुढे हसत सांगायचा.

दुसरं ठिकाण पैशाचं, आणि तिथे आमचं मत कडक आहे. ‘टॉम डूली’ हे नॉर्थ कॅरोलायनातल्या फाशीचं गाणं. १८६८ साली खरोखर फाशी झाली होती. ते बेंजो बनवणाऱ्या फ्रँक प्रॉफिटकडून लोकगीतांचा संग्राहक फ्रँक वॉर्नर याने १९३८मध्ये घेतलं, त्याच्याकडून दुसरा संग्राहक ॲलन लोमॅक्स याने पुस्तकात छापलं आणि १९५८मध्ये किंग्स्टन ट्रिओ या गायक-त्रिकुटाने त्याची पहिल्या क्रमांकाची तबकडी केली. प्रॉफिटच्या हाती तेव्हा काही आलं नाही. पुढे दाव्यात तडजोड झाली, पण विक्रीचा भर तोवर ओसरला होता. बारा तारांची गिटार वाजवणारा कृष्णवर्णीय गायक लेड बेली, त्याचं त्याहून वाईट. तो डिसेंबर १९४९मध्ये गेला. आपल्या काकांकडून शिकलेलं आणि त्याने आयुष्यभर गायलेलं ‘गुडनाइट, आयरीन’ वीव्हर्स या गायक-चौकडीने १९५०च्या उन्हाळ्यात गायलं आणि ते तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं.

नीट झाल्याचीही उदाहरणं आहेत. पीटर, पॉल अँड मेरी यांनी १९६२मध्ये गॅरी डेव्हिसचं एक गाणं घेतलं, त्याच्या मानधनाचा डेव्हिसला घर घ्यायला उपयोग झाला. आणि आपण शाळेत ‘हम होंगे कामयाब’ म्हणून गायलो ते गाणं पाहा. १९४५–४६च्या, साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमधल्या तंबाखू कामगारांच्या संपात ते गायलं जायचं. तिथल्या स्त्रियांकडून टेनेसीच्या हायलँडर या कामगार-कार्यकर्त्यांच्या शाळेतल्या झिल्फिया हॉर्टनने घेतलं, तिच्याकडून पीट सीगरने, आणि गाय कॅरावानने १९६०मध्ये ते विद्यार्थी चळवळीत नेलं. त्याचे हक्क या तिघांच्या आणि गायक फ्रँक हॅमिल्टनच्या नावावर नोंदवले गेले, पण पैसा कुणी स्वतः न घेता तो हायलँडरच्या निधीला दिला. तो दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामावर खर्च व्हायचा.

प्रश्न : लेड बेलीचं ऐकून बारा तारांची गिटार घेतली. तिसऱ्या जोडीतली बारीक तार दर आठवड्याला तुटते. (नाशिक)

ती तुटणारच. त्या जोडीतली बारीक तार वरच्या सप्तकातला G असते, म्हणजे तुमच्या पहिल्या तारेपेक्षाही उंच, आणि जाडी जेमतेम ०.००८ इंच. लेड बेली नेहमीच्या सुरात लावायचाच नाही. त्याची स्टेला गिटार लांब मानेची, तारा जाड आणि सूर चार-पाच फ्रेट खाली, C किंवा B पर्यंत. तो घुमारा तिथून येतो.

तुम्ही दोन फ्रेट खाली, D पासून D पर्यंत लावा आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा). पट्टी नेहमीचीच मिळेल, ताण उतरेल. त्याच्यासारखं C पर्यंत जायचं असेल तर ०.०१०चा संच (पहिली तार ०.०१० इंचाची) चालणार नाही, तारा फ्रेटवर खडखडतील, ०.०१२चा घ्या. उलट ०.०१२चा संच नेहमीच्या सुरात कधीही ताणू नका. ब्रिजच्या, म्हणजे तारा खाली अडकवतात त्या तुकड्याच्या, मागे लाकूड फुगून वर आलं की दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीला जाऊन भिडतो. पीट सीगरने १९६२ साली लेड बेलीच्या या वादनावर शिकवणीची स्वतंत्र तबकडी काढली होती, तिथून खर्जातल्या सरकत्या जागा उचला.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची, डावखुरी. एलिझाबेथ कॉटनसारखी गिटार सरळ उलटी धरू द्यावी का? (इंदूर)

कॉटन डावखुरी होती आणि घरात भावाचा बेंजो उजवा, म्हणून उलटा धरला. मग स्वतः कमावून पावणेचार डॉलरची स्टेला घेतली, तीही तशीच. तारा न बदलता उलटी धरल्यामुळे बारीक तारा वर आल्या: खर्ज तर्जनीने आणि चाल अंगठ्याने. ऐकायला हे वेगळंच लागतं, कारण अंगठ्याचा भारदस्तपणा चालीला मिळतो. पुढे वॉशिंग्टनच्या एका दुकानात हरवलेली लहानगी पेगी सीगर (माइकची बहीण) तिने आईकडे पोचवली, त्या ओळखीतून सीगरांच्या घरी कामाला लागली, आणि भिंतीवरची गिटार काढून वाजवली तेव्हा घरातल्यांना कळलं की ही कोण आहे. माइक सीगरने मुद्रित केलेली तिची पहिली तबकडी १९५८ची, तेव्हा ती पासष्टीची होती. तिची नक्कल करायला शेकडो उजवे वादक बसले. त्यांनी अंगठा आणि बोटाची कामं अदलाबदल करून ती सरळ गिटारवर आणली.

मुलीसाठी मात्र उलटी गिटार सुचवणार नाही. प्रत्येक कॉर्डचं बोट उलटं बसवावं लागेल आणि शिकवायला कुणी मिळणार नाही. दोन्ही हातांना काम असतंच, तेव्हा आधी तीन महिने साधी उजवी गिटार देऊन पाहा. ताल धरायला डावा हात सारखा धावत असेल तर डावखुरी गिटार घ्या. घरातलीच वापरायची तर नायलॉन तारांची निवडा, तिचा खालचा सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) सरळ असतो. लोखंडी तारांच्या गिटारचा तिरका असतो, त्यामुळे तारा उलट्या लावल्या की वरच्या फ्रेटवर सूर हलतो. दोन्हीत वरच्या नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा मात्र बदलाव्या लागतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही, आणि बारीक तार रुंद खाचेत झणझणते. दुकानदाराला ‘तारा उलट्या लावा’ एवढंच सांगू नका, ‘नट बदलून लावा’ असं सांगा.